मिठाच्या पाण्याचा डिमर

पोरं विचारतात, काका, तेव्हा डिमर कसला होता?
सिमेंटचा पाइप, सांगतो. बूड लिंपलेलं.
आत नळाचं पाणी, मूठभर खडेमीठ,
दोरीला तांब्याची पट्टी.
पट्टी बुडाली की रंगमंचावर उजाडायचं,
वर ओढली की मावळायचं.
पोरं हसतात. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे.

अमळनेरात मी वीज मंडळाचा वायरमन.
दिवसा थकबाकीवाल्यांची लाइन तोडायची,
रात्री शाळेच्या हॉलमध्ये लोटनला उजेड द्यायचा.
लोटन भामरे, मिलच्या टाइम ऑफिसात कारकून.
पण 'कोण आहे तिकडे?' म्हणाला
की मागच्या बाकावरची माणसं वळून दाराकडे बघायची.
माझ्या वरातीत घोड्यापेक्षा तोच जास्त नाचला.

बाईच्या कामाला गावात बाई मिळेना.
जळगावची नटी शंभर रुपये मागायची, वर एसटीचं भाडं.
लोटन म्हणाला, वहिनी आहे की.
कुमुद म्हणाली, मला बोलता कुठं येतं?
मीच शिकवलं तिला:
बोलणं राहू दे, आधी उजेड ओळख.
गालाला ऊब लागली की थांब. तिथं तुझी जागा.
ती शिकली.
फार लवकर शिकली.

नाटकात ती लोटनची बायको.
शेवटी दोघं हात धरून उभी,
मग अंधार,
अंधारात हात सुटायचे, तो डावीकडून आत, ती उजवीकडून.
पहिल्या महिन्यात पावलं लगेच वाजायची.
नंतर उशिरा.
मग नुसती एक बांगडी वाजायची
आणि पावलं नाहीत.

संहितेत तिथं काही लिहिलेलं नव्हतं.
मी पाहिलं. तिच्या वहीत पाहिलं, त्याच्याही.

जळगावला स्पर्धेचा प्रयोग. जानेवारीतली थंडी.
तिसऱ्या रांगेत लोटनची बायको,
माहेरची सुपडाबाई, लोटन तिला सुमन म्हणायचा,
मांडीवर आम्हा सगळ्यांच्या भाकरींचा डबा.
शेवटचं वाक्य झालं.
पट्टी वर ओढायची होती.
मी दोरी धरून राहिलो.

एक. दोन.
पाइपातलं पाणी खदखदत होतं.
तीन. चार.
सवयीनं दोघांनी डोळे मिटले होते.
तिनं कपाळ त्याच्या खांद्याला टेकलं,
आणि मी इतके महिने जे ऐकत होतो
ते अख्ख्या हॉलनं पाहिलं.
टाळ्या पडल्या. लोकांना नाटकच वाटलं.

कुमुदला कळलं नसेल?
गालाला ऊब तर लागत होती.

सामान ट्रकात चढवताना सुपडाबाई आली.
डबा तसाच भरलेला.
एवढंच म्हणाली,
"इतला उजेड कसाले, भाऊ?"

मी तिचा विचारच केला नव्हता.
दोरी हातात होती, तेव्हा हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो.

होळीच्या आत ती दोघं सुरतेला गेली.
निकालात आमचं नाटक कुठंच नव्हतं,
फक्त प्रकाशयोजना, द्वितीय.
परीक्षकांनी लिहिलं होतं: अखेरचा प्रकाश लांबवण्याचं धाडस.
ते प्रमाणपत्र ट्रंकेत आहे, पक्कड-टेस्टरच्या खाली.
लोटन वारला तेव्हा कार्ड आलं. अक्षर कुमुदचं.
पत्त्यात माझं नाव वडिलांच्या नावासकट,
लाइटबिलावर असतं तसं.

मिल बंद पडल्यावर
थकबाकीच्या यादीत एकदा सुपडाबाईचं घर आलं.
शिडी लावली. चढलो.
खाली ओट्यावर ती दादर पाखडत बसलेली,
तिनं वर पाहिलं नाही.
पक्कड खिशातच राहिली. बिल मी भरलं.
संध्याकाळी तिच्या पोरानं पैसे आणून दिले,
सुटे, मोजून, फडक्यात बांधलेले.

काका, मीठ किती टाकायचं?
अंदाजानं, सांगतो.
जास्त झालं तर पाणी उकळतं,
आणि पट्टी पार काठाशी आणली तरी
बल्बातली तार
बराच वेळ लाल राहते.